कारागिराची साक्ष

सतराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात विद्वानांचा एक वाद चालला होता. व्हायपर जातीच्या सापाचे विष त्याच्या अंगात नेमके कुठे असते? प्रश्न नुसत्या पांडित्याचा नव्हता. थेरियाक या त्या काळच्या सर्वरोगहारी औषधात व्हायपरचे मांस पडत असे आणि त्यासाठी दरबारच्या औषधशाळेत जिवंत साप आणले जात. जुन्या ग्रंथांच्या आधारे काहींचे म्हणणे होते की विष पित्तात असते. ही चर्चा ऐकणाऱ्यांत याकोपो सोझी नावाचा एक साप पकडणारा होता. त्याने सापाचे पित्त पाण्यात कालवले आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकले. त्याला काहीही झाले नाही. ग्रँड ड्यूकचा वैद्य फ्रान्चेस्को रेदी याने हा प्रसंग टिपून ठेवला आणि मग स्वतः प्रयोग केले. विष दातांजवळून येणाऱ्या पिवळसर द्रवात असते, ते जखमेतून रक्तात गेले तर जीव घेते आणि नुसते गिळले तर घेत नाही, हे त्याने १६६४ च्या पुस्तकात मांडले. चारच वर्षांनी याच रेदीने मांसाचे तुकडे काही उघड्या आणि काही झाकलेल्या भांड्यांत ठेवून दाखवले की अळ्या मांसातून आपोआप उपजत नाहीत, माश्यांच्या अंड्यांतून येतात. विज्ञानाच्या इतिहासात रेदीचे नाव मोठे आहे आणि ते योग्यच आहे. पण वाद तुटण्याची सुरुवात झाली ती ज्याच्याजवळ ग्रंथाधार नव्हता अशा माणसाकडून, ज्याला रोजच्या धंद्याने सापाची ओळख होती.

‘मिथबस्टर्स’ या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमाने जगभरच्या प्रेक्षकांना वर्षानुवर्षे का धरून ठेवले, याचे उत्तर मला या प्रसंगाच्या आसपास सापडते. २३ जानेवारी २००३ रोजी डिस्कव्हरी चॅनलवर तो सुरू झाला आणि त्याचे मूळ पर्व ६ मार्च २०१६ रोजी संपले. कल्पना पीटर रीस या ऑस्ट्रेलियन निर्मात्याची होती: लोकांत पसरलेल्या ऐकीव गोष्टी घ्यायच्या आणि त्या खऱ्या की खोट्या हे करून पाहायचे. सूत्रधार होते जेमी हाइनमन आणि अ‍ॅडम सॅव्हेज. हाइनमनची पदवी रशियन भाषेची. त्याने कॅरिबियन बेटांवर पाण्यात बुड्या मारणाऱ्यांसाठी बोट चालवण्याचा व्यवसायही केला होता. सॅव्हेजजवळ विज्ञानाची कोणतीही पदवी नव्हती. दोघांचा खरा धंदा चित्रपट आणि जाहिरातींसाठी स्पेशल इफेक्ट्सच्या वस्तू बनवण्याचा. सॅन फ्रान्सिस्कोतले हाइनमनचे ‘एम-फाइव्ह इंडस्ट्रीज’ हे वर्कशॉप हाच कार्यक्रमाचा मंच झाला. त्या परिसरातच ‘स्टार वॉर्स’च्या दृश्यांची घडण करणारी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही कंपनी होती, सॅव्हेजने तिथे मॉडेल बनवली होती. पुढे मुख्य चमूत आलेले टोरी बेलेची आणि ग्रँट इमाहारा हेही तिथलेच. इमाहारा विद्युत अभियंता होता. केरी बायरन शिल्पकाम करणारी, एम-फाइव्हमध्ये शिकाऊ म्हणून आलेली.

या धंद्याकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण कार्यक्रमाचे सगळे बळ त्यातून आले आहे. इफेक्ट्सच्या कारागिराला सोमवारी कोणी सांगते की शुक्रवारी चित्रीकरण आहे, तेव्हा डबे फेकणारे शीतपेयाचे यंत्र हवे, आणि ते कॅमेऱ्यासमोर चाललेच पाहिजे. त्यासाठी आधी कोणी लिहून ठेवलेली कृती नसते. त्याला वेल्डिंग येते, साचे ओतता येतात, मोटर आणि व्हॉल्व्ह जोडता येतात; फायबरग्लास कुठे तडकेल आणि स्प्रिंग किती ताणली तर तुटेल हे हाताला ठाऊक असते. आणखी एक गोष्ट त्याला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा चांगली कळते: खोटी गोष्ट खरी कशी भासवतात. तोच तर त्याच्या पोटाचा उद्योग. म्हणून खऱ्याचा आभास कुठे तयार होतो हेही त्याच्या लवकर लक्षात येते. ही जाण काही नवी नव्हे. १९२० च्या दशकात मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांची लबाडी हॅरी हुदिनी या जादूगाराने उघडी पाडली. ज्या हातचलाख्या नामवंत विद्वानांच्या नजरेतून निसटत होत्या त्या त्याला ओळखू येत, कारण त्या त्याच्याच धंद्यातल्या होत्या.

कार्यक्रमाच्या आकर्षणाची दोन कारणे नेहमी सांगितली जातात, स्फोट आणि कुतूहल. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही अपुरी. स्फोट इतर अनेक कार्यक्रमांत होते आणि ते विसरले गेले. कुतूहल शमवायचे तर उत्तर दोन मिनिटांत सांगता येते. त्यासाठी कोणी तासभर बसत नाही. प्रेक्षक बसून राहत होता तो मधल्या भागासाठी. उत्तर ठाऊक नसलेली माणसे एक वस्तू बनवताहेत, ती मोडते, पुन्हा बनवतात, आणि शेवटी वस्तूच साक्ष देते. जानेवारी २००८ मधला एक भाग घ्या. विमानाच्या चाकांखालचा पट्टा त्याच वेगाने उलट दिशेने सरकवला तर विमान उडेल की जागीच राहील, या कोड्यावर लोक वर्षानुवर्षे कागदावर भांडत होते. मिथबस्टर्सनी आधी छोट्या मॉडेलवर करून पाहिले, मग खरे हलके विमान लांबच लांब ताडपत्रीवर उभे केले आणि ती ताडपत्री ट्रकने मागे ओढली. विमान चालवणाऱ्या वैमानिकालासुद्धा आपण जागीच बसून राहू असे वाटत होते. विमान उडाले. कारण सोपे आहे: मोटारीचे इंजिन चाके फिरवून जमिनीला रेटते, विमानाचा पंखा हवेला रेटतो, चाके नुसती गरगरतात. पण हे सोपे कारण आधी ऐकूनही हजारो माणसांना पटत नव्हते. ते पटले ताडपत्रीमुळे.

अशा साक्षीची प्रथा साडेतीनशे वर्षांपेक्षा जुनी आहे. इंग्लंडमध्ये टॉमस ब्राउन या वैद्याने १६४६ मध्ये लोकसमजुतींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. मेलेला खंड्या पक्षी दोऱ्याने टांगला तर त्याची छाती वाऱ्याच्या दिशेकडे वळते, अशी समजूत होती. ब्राउनने खंड्या टांगून पाहिला आणि शेजारी दुसराही टांगला; दोघे भलतीकडेच वळत होते. १६६० मध्ये लंडनला रॉयल सोसायटी स्थापन झाली. कोणाच्याही शब्दावर विसंबायचे नाही हे तिचे ब्रीद, आणि १६६२ पासून बैठकांत प्रयोग करून दाखवण्याचे काम रॉबर्ट हूकच्या अंगावर होते. हूक विचारवंत तर होताच, पण रॉबर्ट बॉइलचा प्रसिद्ध हवेचा पंप ज्याच्या हातांनी घडला तोही हूकच. तो पंप सतत गळे, सांधे पुन्हा पुन्हा लिंपावे लागत. बॉइलने हे लपवले नाही. फसलेल्या प्रयोगांबद्दल त्याने १६६१ मध्ये स्वतंत्र निबंध छापले, कारण अपयश सांगणाऱ्याच्या यशावर लोक विश्वास ठेवतात हे त्याला कळले होते. त्या पिढीचा प्रयोग म्हणजे साक्षीदारांसमोर घडणारी, बिघडण्याची पुरती शक्यता असलेली गोष्ट होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या प्रथेने एक मोठी झेप घेतली. पॅरिसमध्ये मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोग बरे होतात असा बोलबाला होता. १७८४ मध्ये सोळाव्या लुईने चौकशी आयोग नेमला. त्यात लाव्हॉइझिए होता आणि बेंजामिन फ्रँकलिनही. फ्रँकलिनच्या पासी इथल्या बागेत मेस्मरच्या शिष्याने जर्दाळूच्या एका झाडाला ‘चुंबकित’ केले. मग सुमारे बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडाजवळ नेले. चौथ्या झाडाजवळ तो बेशुद्ध पडला. चुंबकित झाड ते नव्हतेच. डोळ्यांवरच्या पट्टीने केलेली ही व्यवस्था आज औषधांच्या चाचण्यांचा पाया आहे. १८५३ मध्ये युरोपभर टेबलाभोवती हात ठेवून बसायचे आणि टेबल आपोआप फिरू लागते असे वेड पसरले, तेव्हा मायकेल फॅरडेने त्यावर उपदेश करण्यात वेळ घालवला नाही. त्याने दोन फळ्यांमध्ये रूळ घालून एक साधे उपकरण केले. बसणाऱ्यांचा हात टेबलाच्या आधी सरकतो की टेबल हाताच्या आधी, हे त्यावर दिसे. हातच आधी सरकत होते, आणि बसणाऱ्यांना त्याची जाणीवही नव्हती. आपल्यापुढे बसलेली माणसे प्रामाणिक आहेत आणि तरीही चुकत आहेत, हे फॅरडेने त्यांचा अपमान न करता दाखवले. बुकबाइंडरच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या माणसाने ते उपकरण केले होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

पण याच फॅरडेच्या काळात प्रथा दुभंगलीही. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली. फॅरडेची मेणबत्तीवरची व्याख्याने त्यांतलीच. ती सुंदर होती, पण त्यांत उत्तर आधीच ठरलेले होते. खरा, अनिश्चित प्रयोग बंद दाराआडच्या प्रयोगशाळेत गेला आणि लोकांसमोर उरले ते प्रात्यक्षिक. शाळांनी हेच उचलले. महाराष्ट्रात विज्ञान शिकलेल्या कोणालाही प्रॅक्टिकलचे जर्नल आठवेल: निष्कर्ष पुस्तकात असतो, आणि वाचन जुळले नाही तर वाचनच दुरुस्त केले जाते. दूरचित्रवाणीवरचे उत्तमोत्तम विज्ञान कार्यक्रमही या परंपरेतले आहेत. कार्ल सेगनच्या १९८० च्या ‘कॉसमॉस’ने विश्वाचे वैभव घराघरांत नेले आणि त्याचे ऋण मोठे आहे, पण त्यात प्रेक्षक ऐकणारा असतो, जाणकार सांगणारा. ‘आत्ता काय होणार ते मलाही माहीत नाही’ हे वाक्य विज्ञानाच्या सार्वजनिक भाषेतून जवळजवळ दीडशे वर्षे हरवले होते. २००३ मध्ये ते एका वर्कशॉपमधून परत ऐकू आले. लोकांना त्याची किती भूक होती हे पुढची तेरा वर्षे दिसत राहिले.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप वैज्ञानिकांकडून येतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही: इतक्या थोड्या चाचण्यांवरून निकाल देणे हे विज्ञान नव्हे. जांभईचा भाग याचे ठळक उदाहरण आहे. एकाची जांभई पाहून दुसऱ्याला येते का, हे पाहण्यासाठी त्यांनी ५० माणसे तपासली. ज्यांच्यासमोर मुद्दाम जांभई दिली होती त्यांच्यापैकी २९ टक्क्यांनी जांभई दिली. ज्यांच्यासमोर दिली नव्हती त्यांच्यातले प्रमाण २५ टक्के निघाले. एवढ्याशा फरकावर समज ‘खरी’ असल्याचा शिक्का बसला. पन्नास माणसांत चार टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, तेव्हा तो निष्कर्ष चुकीचाच होता. माझे मत असे आहे की तो शिक्काच कार्यक्रमाचा सर्वांत दुबळा भाग होता. खरे, शक्य आणि खोटे अशा तीन कप्प्यांत जग बसवायचे तर काहीतरी कापावेच लागते. पण आक्षेप घेणाऱ्यांना तो आक्षेप घेता आला कशामुळे, हेही पाहिले पाहिजे. आकडे पडद्यावर होते. वर्गात संख्याशास्त्र शिकवणाऱ्याला त्या भागातून चूक कशी होते ते शिकवता येते. जाहिरातीतला ‘तज्ज्ञांची शिफारस’ हा दावा असा तपासता येत नाही, आणि पुष्कळ पाठ्यपुस्तकेही तपासू देत नाहीत.

शिवाय हे लोक निकाल फिरवत. पावसात धावले तर जास्त भिजतो की चालले तर? पहिल्या वेळी त्यांनी कृत्रिम पाऊस पाडून निष्कर्ष काढला की धावणारा जास्त भिजतो. नंतर खऱ्या पावसात करून पाहिले, तेव्हा उलट निघाले आणि त्यांनी जुना निकाल प्रेक्षकांसमोर रद्द केला. आर्किमिडीजने आरशांनी सूर्यकिरण एकवटून रोमन जहाजे जाळली, ही कथा तर त्यांनी तीनदा हाताळली. २००४ मध्ये ती खोटी ठरवली. पुढच्या वर्षी एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी एकेक चौरस फुटाचे १२७ आरसे लावून नावेच्या लाकडी प्रतिकृतीवर जाळ काढून दाखवला. मिथबस्टर्सनी त्यांनाच बोलावले आणि पाण्यावरच्या खऱ्या लाकडी होडीवर पुन्हा करायला लावले. दूर अंतरावरून फक्त काजळी धरली, अंतर कमी केल्यावर जेमतेम ज्वाळा दिसली. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांनी कार्यक्रमात येऊन तिसऱ्यांदा प्रयत्न करण्यास सांगितले. ५०० माणसे आरसे घेऊन उभी राहिली, शीड पेटले नाही. विरोधकाला आपल्याच मंचावर बोलावून त्याच्या अटी मान्य करायच्या आणि मग निकाल लावायचा, हे बॉइलच्या काळातले शील आहे. आजच्या चर्चेच्या कार्यक्रमांत ते दुर्मीळ आहे.

दुसरा आक्षेप तमाशाचा. २००५ मध्ये त्यांनी काँक्रीटचा मिक्सर ट्रक उडवला तो प्रश्नाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त स्फोटकांनी. चाचणी केव्हाच संपली होती, उरला होता नुसता धमाका. डिसेंबर २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डब्लिनजवळ तोफेचा गोळा चाचणीच्या मैदानातून उसळून वस्तीत गेला, एका घराच्या भिंती भेदून पलीकडे उभ्या मोटारीत शिरला. कोणाला इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. दृश्याचा मोह वाढला की सावधगिरी कमी पडते, याचा हा उघड पुरावा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. तरी दृश्याला विज्ञानाच्या विरोधात उभे करणे इतिहासाला धरून नाही. ओटो फॉन गेरिकेने १६५७ मध्ये माक्देबुर्गला तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि ते ओढून वेगळे करायला घोडे जुंपले, तेव्हा तोही तमाशाच होता. हवेच्या दाबाचे गणित त्या घोड्यांशिवायही करता आले असते. घोडे हवे होते ते साक्षीदार जमवण्यासाठी. मिक्सर ट्रकबद्दल असे म्हणता येत नाही, आणि फरक नेमका इथे आहे: घोड्यांच्या दृश्यातून हवेच्या दाबाबद्दल काहीतरी कळत होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. नाणे उंच इमारतीवरून टाकले तर खालचा माणूस मरतो का, पेट्रोल पंपावर मोबाइल वाजला तर स्फोट होतो का, अशा समजुती खोट्या ठरल्या तरी कोणाचे काय बिघडते? ज्या समजुतींनी माणसे लुबाडली जातात त्यांना हात लावायला हा कार्यक्रम कचरत होता. हे बव्हंशी खरे आहे. पिरॅमिडच्या आकाराने अन्न टिकते का यासारखे विषय त्यांनी सुरुवातीला घेतले, नंतर अतींद्रिय शक्तींच्या वाटेला जायचे नाही असे ठरवले. २००८ मध्ये चंद्रावतरण बनावट असल्याच्या दाव्यांवर त्यांनी पूर्ण भाग केला, तो धीट अपवाद. प्रथेचा अवघड अर्धा भाग इतरत्र, बिनकॅमेऱ्याने चालू राहिला, आणि त्यातला मोठा वाटा आपल्याकडचा आहे. अब्राहम कोवूर यांनी श्रीलंकेतून चमत्कार करणाऱ्यांना एक लाख रुपयांचे आव्हान दिले. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी नारळातून आग आणि हातातून अंगारा काढून दाखवत, मग तो कसा काढला तेही सांगत. हुदिनीचीच ती विद्या. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पितो अशी बातमी पसरली, तेव्हा शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून ते मूर्तीवरून खाली कसे ओघळते हे दाखवले. फॅरडेच्या रुळांसारखेच ते दोन पैशांचे उपकरण होते.

या सगळ्यांत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी २००८ मध्ये पुण्यात केलेली फलज्योतिषाची चाचणी वेगळी आहे. मिथबस्टर्समध्ये ज्याची उणीव होती ते तिच्यात होते. सुधाकर कुंटे हे संख्याशास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातले नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे तिच्यात सहभागी होते. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून कुंडल्या मांडल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि विचारले, कोणती कुंडली कोणत्या गटातली? कोणाची कुंडली कोणती, हे त्यांना कळण्याची सोय नव्हती. पासीच्या बागेतली डोळ्यांवरची पट्टी ती हीच. भाग घेण्यास तयार झालेल्या ५१ पैकी २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि ती सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून ५० टक्के येतात. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली. ही आकडेवारी २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापली गेली. चाचणीच्या गुणवत्तेत ती सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्कशॉपमधल्या बहुतेक प्रयोगांपेक्षा सरस आहे. पण वाचली किती जणांनी? मराठी वाहिन्यांवर रोज सकाळी राशिभविष्य सांगितले जाते आणि ते लाखो घरांत ऐकले जाते. त्याच पडद्यावर कुंडल्यांचे गठ्ठे बांधताना, त्यांना सांकेतिक क्रमांक देताना, ज्योतिषी एकेका कुंडलीवर विचार करताना आणि शेवटी बंद पाकिटे उघडताना कोणी दाखवले नाही. नारळीकरांच्या चाचणीत तासाभराच्या कार्यक्रमाला पुरेल एवढे सगळे आधीच होते: एक दावा, तो तपासायची खरी तयारी, आणि कोणाही सहभागी माणसाला आधी ठाऊक नसलेला निकाल. कृती छापलेली आहे, ती पुन्हा करायला महागडे यंत्र लागत नाही, आणि ज्या ज्योतिष्यांना पहिल्या चाचणीच्या अटी मान्य नव्हत्या त्यांना नव्या अटी सुचवता येतील, जसे एमआयटीच्या विद्यार्थ्यांना आर्किमिडीजच्या बाबतीत सुचवता आल्या.